चार चॅनलचा कार अँप ब्रिज करून सबवूफर जोडणे: ओहम मोजण्यापासून गेन बसवण्यापर्यंत

चार चॅनलचा एक अँप, पुढच्या दोन दारांत कंपोनंट स्पीकर (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेले) आणि डिकीत दहा इंची सबवूफर. लहान हॅचबॅकसाठी यापेक्षा शहाणी जोडणी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सबसाठी वेगळा मोनो अँप घ्यावा लागत नाही, बॅटरीपासून एकच जाड वायर आणावी लागते आणि डिकीतली जागाही वाचते. पहिला-दुसरा चॅनल दारांतल्या स्पीकरना द्यायचा, तिसरा-चौथा ब्रिज करून सबला. पण याच ब्रिजिंगमध्ये चांगले चांगले अँप जळतात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, न मोजता वायर जोडलेली असते. म्हणून या लेखात मोजमाप आधी आणि पकड-पाने नंतर.

ब्रिज केल्यावर आत काय होतं

साध्या जोडणीत चॅनलच्या एका टोकावर सिग्नल असतो आणि दुसरं टोक ग्राउंडला असतं. ब्रिजमध्ये दोन चॅनल एकाच स्पीकरच्या दोन टोकांना लागतात आणि त्यातल्या एकाचा सिग्नल उलटा केलेला असतो. दोघांनी मिळून करवत ओढावी तसं, एक ढकलतो त्याच क्षणी दुसरा खेचतो. त्यामुळे स्पीकरवर पडणारं व्होल्टेज दुप्पट होतं.

आकड्यांत पाहू. समजा, तुमचा अँप ४ ओहमवर दर चॅनल ५० वॅट आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर, देतो. म्हणजे चॅनलवर साधारण १४.१ व्होल्ट आणि ३.५ अँपिअर. ब्रिज केल्यावर त्याच ४ ओहमच्या सबवर २८.३ व्होल्ट पडायला हवेत, करंट ७ अँपिअर, पॉवर २०० वॅट. कागदावर चौपट! प्रत्यक्षात अँपचा अंतर्गत पॉवर सप्लाय एवढा ताण पेलत नाही, व्होल्टेज थोडं बसतं, आणि अशा अँपवर ब्रिजचा आकडा १५० वॅटच्या आसपास छापलेला दिसतो. हाच अँप २ ओहमवर दर चॅनल ७५ वॅट देत असेल, तर त्याची दुप्पट १५०. हा योगायोग नाही. ब्रिज केलेल्या ४ ओहमच्या सबपैकी प्रत्येक चॅनलच्या वाट्याला निम्मा, म्हणजे २ ओहमचाच भार येतो.

सगळ्या लेखातली कळीची गोष्ट हीच. तुम्ही २ ओहमचा सब ब्रिज केलात, तर प्रत्येक चॅनलला १ ओहम दिसतो. बहुतेक चार चॅनलचे अँप साध्या जोडणीत २ ओहमपर्यंत आणि ब्रिजमध्ये ४ ओहमपर्यंतच चालतात. त्याखाली गेलात की करंट वाढतो, हीटसिंक तापतं, आणि प्रोटेक्शन वेळेवर चाललं नाही तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात.

आधी सबच्या कॉइल मोजा

स्वस्तातला पिवळा, डायलवाला मल्टिमीटर पुरतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात मिळेल. डायल २०० ओहमवर ठेवा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. मीटर शून्य दाखवणार नाही, ०.३ किंवा ०.५ असं काहीतरी दाखवेल. तो प्रोबच्या वायरींचाच रेझिस्टन्स असतो, तो पुढच्या प्रत्येक वाचनातून वजा करायचा. आता सबच्या टर्मिनलला प्रोब लावा. ४ ओहमच्या कॉइलवर ३.२ ते ३.८ च्या दरम्यान आकडा येईल. तो कमी दिसला म्हणून घाबरू नका. मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो आणि तो छापील इम्पीडन्सपेक्षा थोडा कमीच असतो. २ ओहमच्या कॉइलवर १.६ ते १.९ दिसेल.

सबला दोन कॉइल असतील, म्हणजे चुंबकाच्या दोन बाजूंना टर्मिनलच्या दोन जोड्या असतील, तर इथेच थांबून विचार करा. दोन्ही कॉइल २ ओहमच्या असतील तर त्या सिरीजमध्ये घ्या: पहिल्या कॉइलचा उणे दुसरीच्या अधिकला, आणि उरलेली दोन टोकं अँपला. ४ ओहम झाले. ब्रिजसाठी याहून सोयीचा सब नाही. दोन्ही कॉइल ४ ओहमच्या असतील तर पंचाईत होते: पॅरलल केल्या (अधिकला अधिक, उण्याला उणे) तर २ ओहम, जे चालणार नाहीत, सिरीज केल्या तर ८ ओहम, जे सुरक्षित आहेत पण पॉवर १५० ऐवजी १०० वॅटच्या आसपास येते. अशा वेळी माझा सल्ला वेगळा आहे. ब्रिज करूच नका. एक कॉइल तिसऱ्या चॅनलला, दुसरी चौथ्याला साध्या पद्धतीने जोडा, दोन्हींना एकच मोनो सिग्नल द्या आणि दोन्हींचे अधिक-उणे नीट जुळवा. चॅनलला ४ ओहम दिसतात आणि सबला दोन्ही चॅनलची मिळून तेवढीच, १०० वॅट पॉवर मिळते.

दोन सब असतील तर प्रत्येकी ४ ओहमच्या एक-कॉइलच्या जोडीला पॅरलल करून ब्रिजवर टाकू नका, ते २ ओहम होतात. दोन्ही सब ४ अधिक ४ ओहमचे असले तर मात्र सुटसुटीत होतं: प्रत्येकाच्या कॉइल सिरीजमध्ये घेऊन ८ ओहम, मग दोन सब पॅरलल, पुन्हा ४ ओहम.

सबवरच्या अधिक-उण्याच्या खुणा पुसट असतील तर पेन्सिल सेलने तपासा. सेलचा अधिक एका टर्मिनलला आणि उणे दुसऱ्याला क्षणभर टेकवा. कोन बाहेरच्या बाजूला उडी मारून आला तर सेलचा अधिक जिथे लागला ते सबचं अधिक. आत गेला तर उलटं. दोन कॉइलच्या सबमध्ये ही तपासणी टाळूच नये, कारण एक कॉइल उलटी लागली तर दोन्ही एकमेकींविरुद्ध झुंजतात आणि बास जवळजवळ ऐकूच येत नाही.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

बाजारात ‘३००० वॅट’ छापलेले चार चॅनलचे अँप मिळतात. तो आकडा सोडून द्या आणि अँपच्या कडेचे फ्यूज बघा. २५-२५ अँपिअरचे दोन असतील तर ५० अँपिअर गुणिले १३.८ व्होल्ट, म्हणजे आत जाणारी पॉवरच जास्तीत जास्त ६९० वॅटच्या घरात. क्लास एबी या जुन्या पद्धतीच्या अँपमधून पूर्ण आवाजात त्यातली ५० ते ६० टक्के बाहेर येते, उरलेली उष्णता होते. म्हणजे साडेतीनशे-चारशे वॅट. कमी तापणारा क्लास डी असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास धरा. खोक्यावर सीटीए-२००६ (पूर्वीचं सीईए-२००६) असं लिहिलेलं असेल तर आकडा विश्वासाचा असतो, कारण त्या मानकात १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर, १ टक्का विकृतीच्या मर्यादेत मोजलेला आरएमएस द्यावा लागतो.

वायर, फ्यूज आणि अर्थ

उदाहरण पुढे नेऊ: दारांना ५०-५० वॅट, सबला १५०, एकूण २५० वॅट. क्लास एबी धरला तर बॅटरीतून २५० भागिले ०.५५ भागिले १३.८, म्हणजे साधारण ३३ अँपिअर. संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही हे खरं, पण वायर पूर्ण ताकदीसाठीच निवडायची.

बॅटरीपासून डिकीपर्यंत साधारण पाच मीटर वायर लागते. ८ गेजची, म्हणजे जवळपास ८.४ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर घेतली तर ३३ अँपिअरला साधारण ०.३५ व्होल्ट वायरमध्येच जातात. ४ गेजमध्ये, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरमध्ये, फक्त ०.१४. मी ४ गेजच घ्यायला सांगेन. पुढे अँप मोठा केलात तरी वायर तीच राहते. दुकानात ‘सीसीए’ लिहिलेली वायर स्वस्त मिळते. ती आतून ॲल्युमिनियमची, वरून तांब्याच्या मुलाम्याची असते आणि तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिच्यातून वीज बरीच कमी वाहते. टोक चाकूने खरवडून बघा; आत पांढरट चकाकी दिसली तर सीसीए. तीच घ्यायची असेल तर दोन आकडे जाड घ्या, म्हणजे ४ ऐवजी २ गेज.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या अधिकपासून दीड फुटाच्या आत हवा. हा फ्यूज अँपचं रक्षण करत नाही, वायरचं करतो. वाटेत कुठे पत्र्याला घासून वायर सोलली गेली आणि बॉडीला टेकली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते आणि सतरंजीखाली आग लागते. फ्यूज डिकीत अँपजवळ बसवला तर पाच मीटरची उघडी जोखीम तशीच राहते. आपल्या अँपला ४० अँपिअरचा फ्यूज पुरेल. वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा कधीच नको.

काम सुरू करताना बॉनेट उघडून बॅटरीचा उणे आधी सोडवा. १० नंबरचा पाना लागतो. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, वायर काढताना गाडीच्या मूळ वायरिंगचं रबरी ग्रोमेट (भोकातली रबरी कडी) शोधा, त्यातूनच नेता येते का बघा. नवीन भोक पाडलंत तर ग्रोमेट बसवल्याशिवाय वायर घालू नका. आतमध्ये पॅडलपासून लांब ठेवा. पॉवरची वायर एका बाजूच्या दारांच्या पट्टीखालून न्या आणि स्टिरिओपासून अँपला सिग्नल नेणारी आरसीए केबल दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र नेल्या तर इंजिन रेझ केल्यावर स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज यायची शक्यता वाढते.

अर्थ (ग्राउंड) द्यायला डिकीत अँपपासून दीड फुटाच्या आत जाड पत्रा निवडा. रंग पॉलिश पेपरने घासून धातू चमकेपर्यंत साफ करा, थिंबल नीट क्रिम्प करून दात्यांच्या वॉशरसकट बोल्ट आवळा, आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने हा सांधा पावसाळ्यात गंजतो, तिथे ग्रीस वगळू नका. अर्थची वायर पॉवरच्या वायरइतकीच जाड हवी. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत बॅटरीच्या उण्यावर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे थेट उण्याच्या खुंटीवर काही जोडायचं नाही, बॉडीवरच अर्थ द्यायचा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या कुठल्याही वायरीला हात लावू नका.

टर्मिनल नीट वाचा

अँपवर तिसऱ्या-चौथ्या चॅनलची चार टर्मिनल असतात: डावा अधिक, डावा उणे, उजवा अधिक, उजवा उणे. त्यांच्यावर किंवा खाली दोन टर्मिनलना जोडणारी रेघ असते आणि तिच्याशेजारी ब्रिज किंवा मोनो असं छापलेलं असतं. बहुतेक अँपमध्ये ही जोडी डावा अधिक आणि उजवा उणे अशी असते. पण ‘बहुतेक’वर विसंबून चालत नाही. काही कंपन्या उलट करतात, म्हणून रेघ आणि सोबतचं माहितीपत्रक हाच निर्णय. सबचा अधिक ब्रिजच्या अधिकला, उणे ब्रिजच्या उण्याला, मधली दोन टर्मिनल मोकळी.

मोकळी म्हणजे खरोखर मोकळी. टर्मिनलमध्ये एकमेकांत वायरचे तुकडे टाकून ‘ब्रिज करणं’ म्हणजे दोन आउटपुट शॉर्ट करणं. सबच्या वायरचे सुटे तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकणार नाहीत हे डोळ्यांनी बघा, शक्यतो टोकाला थिंबल लावा. ब्रिज केल्यावर सबच्या दोन्ही वायरींवर सिग्नल असतो, त्यामुळे त्यांतली एकही बॉडीला टेकता कामा नये. सबसाठी २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. आणि चॅनल फक्त ठरलेल्या जोडीतच ब्रिज होतात: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा. दुसरा आणि तिसरा जोडायचा विचारही नको.

डॅशबोर्डमधल्या स्टिरिओचे आउटपुट तर कधीच ब्रिज करू नका. ते आतून आधीच ब्रिज केलेले असतात. बॅटरीच्या थेट व्होल्टेजवर ४ ओहमला वीसेक वॅट काढायचा दुसरा मार्गच त्यांच्याकडे नसतो. त्यांच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्म्याइतकं डीसी व्होल्टेज असतं. कुठलीही वायर बॉडीला लागली तर आतला आयसी जाऊ शकतो.

सिग्नल आणि रिमोट

सबचा आउटपुट असलेला स्टिरिओ असेल तर त्याच्या आरसीएच्या दोन्ही पिना तिसऱ्या-चौथ्याच्या दोन्ही इनपुटला द्या. एकच पिन लावली तर बऱ्याच अँपमध्ये एकच चॅनल काम करतो, व्होल्टेज निम्मं होतं आणि पॉवर एक चतुर्थांश. ‘सब वाजतो पण दम नाही’ अशी तक्रार असली की मी सर्वांत आधी हेच बघतो. स्टिरिओला एकच पिन असेल तर वाय-केबलने दोन करा. काही अँपमध्ये एका इनपुटवरूनही ब्रिज पूर्ण चालतो. माहितीपत्रकात कोणता इनपुट वापरायचा ते दिलेलं असतं.

गाडीचा मूळ स्टिरिओ ठेवायचा असेल तर अँपचा हाय-लेव्हल इनपुट वापरा, त्यात थेट स्पीकरच्या वायरी जोडता येतात. तो नसेल तर स्पीकरच्या सिग्नलचा आरसीए सिग्नल करून देणारा लाइन आउटपुट कन्व्हर्टर घ्या. मूळ वायरिंग कापण्याऐवजी तुमच्या गाडीचा कपलर विकत घेऊन त्यावरच जोडणी करा. वॉरंटीचा वाद टळतो आणि गाडी विकताना सगळं जसंच्या तसं परत लावता येतं. स्टिरिओबरोबर अँप चालू-बंद करणारी रिमोटची वायर स्टिरिओमागची निळी-पांढरी. नुसती निळी बहुधा अँटेनाची असते.

गेन मीटरने बसवा, कानाने नाही

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओचा सिग्नल आणि अँपची ताकद जुळवण्यासाठी ते आहे. ते जास्त फिरवलं तर अँप क्लिप होतो, लाटेचे शेंडे कापले जातात, आणि छापील ताकदीच्या आतही सबची कॉइल तापून जळू शकते.

सूत्र सोपं आहे: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. सबसाठी १५० गुणिले ४ म्हणजे ६००, वर्गमूळ २४.५ व्होल्ट. दारांसाठी ५० गुणिले ४ म्हणजे २००, वर्गमूळ १४.१ व्होल्ट.

सगळे स्पीकर अँपवरून सोडवा. गेन शून्यावर, बास बूस्ट बंद, स्टिरिओचा इक्वलायझर सपाट. एलपीएफ (फक्त खालचे स्वर जाऊ देणारा फिल्टर) अँपवर बंद करा, बंद होत नसेल तर सर्वांत वरच्या आकड्यावर न्या, नाहीतर फिल्टर टोनच कमी करेल. इंजिन चालू ठेवा, पण गाडी मोकळ्या जागेत असू द्या. ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा टोन पेनड्राइव्हवर वेव्ह फाइलमध्ये घ्या, ब्लूटूथवरून नको. स्टिरिओचा आवाज कमालच्या तीन-चतुर्थांशावर ठेवा. मीटर एसी २०० व्होल्टवर, प्रोब ब्रिजच्या दोन टर्मिनलवर. गेन हळूहळू वाढवा आणि २४.५ च्या थोडं आधी, २३ च्या आसपास थांबा.

दारांच्या चॅनलसाठी अनेक जण १००० हर्ट्झचा टोन सांगतात. स्वस्त मीटर एसीवर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच बरोबर मोजतो, म्हणून ३०० हर्ट्झचा टोन वापरा, एचपीएफ (फक्त वरचे स्वर जाऊ देणारा फिल्टर) बंद ठेवून. १४ व्होल्टपर्यंत आणा. मग सगळे स्पीकर परत जोडा, सबला एलपीएफ ८० हर्ट्झवर, दारांना एचपीएफ ८० हर्ट्झवर. सबचं खोकं पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी किंवा फट असलेलं, असेल आणि अँपला सबसॉनिक फिल्टर असेल तर तो २५ ते ३० हर्ट्झवर ठेवा, कारण पोर्टच्या खालच्या स्वरांत कोन मोकाट सुटतो.

शेवटी सबचा फेज स्विच एकदा उलटा करून, पुढच्या सीटवर बसून ऐका. ज्या स्थितीत बास भरदार आणि डॅशबोर्डच्या बाजूने आल्यासारखा वाटतो, ती ठेवा.

काही अडलं तर

प्रोटेक्टचा लाल दिवा लागला तर स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवून अँप पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष स्पीकर किंवा त्यांच्या वायरींत आहे: कुठे तरी शॉर्ट, किंवा ओहम कमी. तरी लागलाच तर अर्थ आणि पॉवर तपासा. तेही ठीक असेल तर अँप दुरुस्तीला. मोठ्या आवाजात अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावर चालू होत असेल, तर ओहम पुन्हा मोजा आणि अँप सीटखाली सतरंजीत गुदमरलेला नाही ना ते बघा.

इंजिन चालू असताना, मोठ्या बासवर, अँपच्या अधिक-उण्यावर मीटर लावा. बॅटरीवर १३.८ असताना अँपवर १३.३ च्या खाली जात असेल, तर एक प्रोब बॅटरीच्या उण्यावर आणि दुसरा अँपच्या ग्राउंड टर्मिनलवर ठेवा. तिथे ०.२ व्होल्टहून जास्त दिसलं तर दोष अर्थच्या सांध्यात आहे, तो उघडून पुन्हा घासा. बॅटरीवरच व्होल्टेज पडत असेल तर वायरला दोष देऊ नका. लहान हॅचबॅकमधली ३५ अँपिअर-अवरची बॅटरी थकलेली असते किंवा आल्टरनेटर पुरत नाही. इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी लावलीत तर चांगली बॅटरीही सकाळी सेल्फ मारणार नाही.

आठवड्याभराने डिकी उघडून अँपच्या टर्मिनलचे सगळे स्क्रू एकदा आवळा. तांब्याच्या तंतूंची वायर दाबाखाली बसते आणि स्क्रू सैल होतात. फ्यूज होल्डरला गाडी चालवून आल्यावर हात लावून बघा. तो कोमट असेल तर ठीक, चटका बसत असेल तर आतली पकड सैल आहे आणि होल्डर बदलायला हवा.